जुनी बॅटरी सांगून जायची

खोपटच्या एसटी स्थानकाजवळ आमचे बिऱ्हाड आहे. रात्री अकरा वाजता गल्लीत सुई पडली तरी सापडावी, एवढा उजेड इथे असतो. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने बॅटरीवर चार शब्द लिहावेत याचे तुम्हाला नवल वाटेल. पण माझी निम्मी नोकरी मुरबाड-शहापूरच्या शिवारात गेली. सासुरवाडीही मुरबाड तालुक्यातलीच. आणि जी गोष्ट सांगणार आहे ती माझ्याच हातून घडलेल्या चुकीची आहे. ती सांगितल्याने एखाद्या घरचे संकट टळले, तर सांगण्याचे सार्थक झाले असे समजेन.

आधी एक खुलासा. शहरात जिला टॉर्च म्हणतात आणि पुस्तकात विजेरी, तिला आपण बॅटरी म्हणतो. तिच्या पोटात घालायचा तो सेल. मीही तेच शब्द वापरतो.

माझे थोरले मेव्हणे, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, भात आणि त्यामागून भेंडी करतात. भेंडीला पाणी द्यायचे तर मोटर चालली पाहिजे, आणि मोटर चालायची तर थ्री फेज लाइट आली पाहिजे. शेतीची लाइट पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हे तुम्हाला मी सांगायला नको. रात्रीची पाळी असली की दादा बारा-एकच्या सुमारास उठायचे, मोटर सुरू करायचे आणि वाफ्यावाफ्याने पाणी फिरवत पहाट करायचे. हातात त्यांच्या वडिलांच्या वेळची पितळी बॅटरी असायची, तीन सेलांची. काठीसारखी लांब आणि वेळप्रसंगी काठीसारखीच उपयोगी.

२०१८ च्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही गावी जायचे होते. त्याच्या आधी बाजारात मला एक बॅटरी दिसली. आकार वीतभर, आत एकच जाड सेल, घरच्या लाइटवर चार्ज होणारी. दुकानदाराने ती समोरच्या इमारतीवर मारून दाखवली, तर चौथ्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे मोजता यावेत! पुढची काच ओढली की झोत लांब, मागे सारली की रुंद. किंमतही माफक. खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले होते. मी भाळलो आणि घेतली.

गावी ती दिल्यावर घरात कौतुकच झाले. पोरांनी समोरच्या टेकडीवरचे झाड उजळून दाखवले. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही सूर्यच आणलात की घरात." दादांनी पितळी बॅटरीतले सेल काढून ठेवले आणि ती पडवीच्या खुंटीला अडकवली. मी ठाण्याला परतलो तो मोठे काम केल्याच्या थाटात.

पुढच्या फेब्रुवारीत एका रात्री दीड वाजता दादा मळ्याच्या मधोमध होते. हातातल्या बॅटरीचा उजेड पांढराशुभ्र पडला होता, आणि तसा असतानाच तो गेला. आधी पिवळा झाला नाही, मिणमिणला नाही. जसा कोणी खटका बंद करावा तसा गेला. दादांनी खटका दोनचारदा दाबला. एकदा क्षणभर उजेड आला आणि पुन्हा गेला. मोटरचे खोपटे चाळीस पावलांवर होते. बांध जन्माच्या ओळखीचा. ते अंधारात चालू लागले. वाटेत कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. घोणस आहे हे त्यांना कळले, पण ती कुठे आहे ते दिसेना. पाऊल उचलायच्या आत घोट्याच्या वर दंश झाला.

त्यांनी हाका मारल्या. शेजारच्या मळ्यातला गडी धावून आला. वहिनींनी पायाला फडके आवळू दिले नाही, जखमेला ब्लेड लावू दिले नाही, मांत्रिकाचे नाव काढणाऱ्याला गप्प केले आणि शेजाऱ्याच्या गाडीत आडवे निजवून दादांना सरळ दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवले. रक्त गोठले नाही. घोणशीचे विष चढल्याची ती खूण. लगेच सर्पविषावरची लस सुरू झाली, आणि पुढच्या उपचारांसाठी त्यांना ठाण्याला आणले. दादा वाचले. पण महिनाभर अंथरुणावर होते आणि त्या वर्षीची भेंडी निम्मी गेली.

मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलो होतो. काय बोलावे सुचेना. दादाच बोलले. आवाजात राग नव्हता, नुसती नोंद केल्यासारखे म्हणाले, "जावईबापू, जुनी बॅटरी जाताना सांगून जायची. ही न सांगताच गेली."

मंडळी, बी.एस्सी. अ‍ॅग्रीची पदवी घेतलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या एका वाक्याने पुन्हा शाळेत बसवले. मी चार जाणत्या माणसांना विचारले, वाचले, घरी वजने-मापे करून पाहिली. त्यातून जे कळले ते असे.

जुना जाड सेल १.५ व्होल्टचा. आत जस्ताचे भांडे, मध्ये कार्बनची कांडी आणि भोवती काळा लगदा. असे दोन किंवा तीन सेल एकापुढे एक लावले की काचेच्या बल्बातली तार तापून उजेड पडायचा. सेल उतरत जाई तसा त्याचा जोर हळूहळू कमी होई आणि उजेड पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबडा होई. म्हणजे दोन-चार रात्री आधीच निरोप मिळे. मग आपण ते सेल उन्हात ठेवायचो, थोडा जीव येई आणि आणखी एक रात्र निघे. गैरसोय होती, पण धोका आधी समजायचा.

नवा सेल लिथियम-आयन जातीचा. हा पहिल्यांदा बाजारात आणला तो जपानच्या सोनी कंपनीने, १९९१ साली. दादांना सर्पदंश झाला त्याच वर्षी, २०१९ मध्ये, या सेलामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेपरात ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दादांचा सुजलेला पाय होता. दोष त्या शास्त्रज्ञांचा नव्हे. त्यांची वस्तू उत्तमच आहे. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तीच आहे.

हा एकटा सेल साधारण ३.६ ते ३.७ व्होल्ट देतो. आताच्या एलईडी दिव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात. म्हणून जिथे दोन-तीन सेल लागायचे तिथे एकच पुरतो. पूर्ण भरला की तो ४.२ व्होल्टवर असतो, आणि तीनच्या खाली फार उतरू दिला तर कायमचा बिघडतो. म्हणून चांगल्या बॅटरीत एक छोटी व्यवस्था असते. ती शेवटपर्यंत उजेड जवळजवळ सारखा राखते आणि सेल उतरला की एकदम तोडते. काही बॅटऱ्यांत त्याआधी दिवा लुकलुकतो किंवा खटक्याजवळ लाल ठिपका लागतो, काहींत काहीच होत नाही. म्हणजे अचानक जाणे हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो, तो या सेलाचा स्वभाव आहे. ओळख नसली की तोच स्वभाव घात करतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. झगझगीत पांढऱ्या उजेडातून एकदम अंधारात आले की डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. पिवळ्या मंद उजेडात चालणाऱ्याचे डोळे अंधाराशी थोडीफार ओळख ठेवून असतात. दादांचा बांध जन्माच्या ओळखीचा होता, पण त्या क्षणी ते एखाद्या परक्या माणसाहून अधिक आंधळे होते. उजेड जेवढा प्रखर, तेवढा त्यानंतरचा अंधार गडद.

तिसरी गोष्ट माझ्या लाजेची. दादा घरी परतल्यावर मी त्या बॅटरीतला सेल काढून पाहिला. त्यावर ९९०० एमएएच असा आकडा होता. हा आकडा म्हणजे सेलाच्या टाकीचे माप समजा. आता, या सेलांची नावेच त्यांची मापे सांगतात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. २६६५० त्याहून जाड. दादांच्या बॅटरीतला सेल १८६५० होता. या मापात खरा चांगला सेल सहसा ३५०० एमएएचच्या आसपास जातो. २१७०० आणि २६६५० या मोठ्या मापांत ५००० च्या आसपास. बोटभर सेलावर ९९०० लिहिणे म्हणजे एक शेराच्या मापात तीन शेर तांदूळ भरल्याचे सांगणे.

मी तो सेल सोनाराच्या काट्यावर ठेवला. खरा १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हा २८ भरला. मला भाताचे बियाणे आठवले. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात टाका, पोचट दाणा वर तरंगेल, तो काढून टाका, हे मी शेकडो सभांत सांगत आलो. बियाण्याची पिशवी चकचकीत आहे म्हणून घेऊ नका, लेबल वाचा, पावती घ्या, १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजा, हेही सांगत आलो. आणि स्वतः मात्र चकचकीत खोके पाहून पोचट सेल मेव्हण्याच्या हातात दिला. लोकांना शहाणपण सांगणाऱ्याने आपल्या घरी ते विसरावे, यासारखी फजिती नाही.

तेव्हापासून मी बॅटरीचीही उगवण चाचणी घेतो. तुम्हीही घ्या, खर्च काही नाही. नवी बॅटरी पूर्ण चार्ज करा. सकाळी घरातल्या फरशीवर, आसपास कापड-कागद नसेल अशा जागी, मधल्या उजेडावर लावून ठेवा आणि घड्याळात वेळ टिपा. अधूनमधून लक्ष ठेवा. किती तासांनी गेली ते लिहा, आणि कशी गेली तेही लिहा. मंद होत गेली, लुकलुकून गेली, की एकदम गेली? जेवढे तास निघतील त्यांच्या निम्मेच तास शेतावरच्या हिशेबात धरा. सहा तास चालली तर तीन तासांचीच समजून निघा. दर वर्षी पाण्याचा हंगाम सुरू होण्याआधी ही चाचणी पुन्हा करा, कारण वापराने आणि वयाने सेलाची ताकद घटत जाते.

प्रखर उजेडाचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. ३००० एमएएचच्या सेलात जेमतेम ११ वॅट-तास वीज मावते. टाकी तीच, तोटी किती उघडायची हे आपल्या हाती. दिवा १० वॅटवर लावला तर टाकी तासाभरात रिकामी. एका वॅटवर लावला तर दहा तास पुरेल, आणि बांधावरून चालायला एका वॅटचा पसरट उजेड पुष्कळ होतो. शिवाय प्रखर उजेडावर बॅटरी तापते, म्हणून पुष्कळ चांगल्या बॅटऱ्या काही मिनिटांत आपोआप उजेड उतरवतात. ती खराबी नव्हे.

झोताचेही तसेच. लांब झोत समोरच्या रानात काय हलले ते दाखवतो. आपल्याकडे बिबट्याचा वावर असलेल्या गावांत त्याची गरज आहे, हे मान्य. पण साप टेकडीवर नसतो, पायाशी असतो. लांब झोतात पायाजवळ एक छोटे वर्तुळ तेवढे उजळते आणि बाजूला काळोख राहतो. चालताना काच मागे सारून उजेड पसरट करा आणि तो दोन-तीन पावले पुढे जमिनीवर ठेवा. थांबून दूर बघायचे असेल तेव्हाच झोत लांब करा. आणि समोरून येणाऱ्याच्या, विशेषतः पोरांच्या डोळ्यांवर तो मारू नका.

आता घरातल्या माउल्यांसाठी चार गोष्टी, कारण बॅटरी चार्जिंगला लावायचे काम बहुतेक घरी त्यांच्याकडेच असते. चार्जिंग फरशीवर किंवा दगडावर करावे. गोधडीवर, उशीखाली किंवा पेंढ्याजवळ कधीही करू नये. रात्री लावून झोपण्यापेक्षा दिवसा, कोणी जागे असताना लावावे. बॅटरीबरोबर आलेला किंवा त्याच जातीचा चार्जर वापरावा. जुन्या सवयीने हा सेल उन्हात ठेवू नये. उन्हाने जुन्याला जीव येई, याचा जीव जातो, आणि फार तापला तर पेट घेण्याची भीती असते. आपण जुन्या बॅटरीत एक सेल उलटा घालून ठेवायचो, तसे इथे मुळीच करू नये. सुटा सेल चाव्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नये, दोन्ही टोके जोडली गेली की तो भलताच तापतो. फुगलेला, चेपलेला, वरचे वेष्टन फाटलेला सेल वापरू नये, फोडून बघू नये, चुलीत किंवा उकिरड्यात तर टाकूच नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर आहे. तालुक्याच्या दुकानात विचारून परत द्यावे.

काही जण म्हणतील, चार्जिंगची बॅटरी एका पावसाळ्यापलीकडे टिकतच नाही. त्यातल्या पुष्कळशा बॅटऱ्यांत लिथियमचा सेल नसून शिसे-आम्लाची छोटी बॅटरी असते. ती उतरलेल्या स्थितीत महिनाभर पडली की गेलीच. घेताना आत काय आहे हे विचारा. सेल काढता येतो का, तेही पाहा. सेल बदलता येणारी बॅटरी थोडी महाग पडली तरी वर्षानुवर्षे चालते.

गेल्या हिवाळ्यात मी दादांकडे मुक्कामाला होतो. रात्रीची पाळी होती. साडेबारा वाजता ते उठले. पायात गुडघ्याएवढे गमबूट चढवले, हातात काठी घेतली. एका खिशात नवी बॅटरी, माझीच, पण आता २१७०० मापाचा खरा सेल असलेली. डोक्याला पट्ट्याने बांधायचा छोटा दिवा, म्हणजे दोन्ही हात फावड्याला मोकळे. आणि मोटरच्या खोपट्यात, स्टार्टरशेजारच्या खिळ्याला ती वडिलांची पितळी बॅटरी. तिचे सेल दर हंगामाला नवे आणतात आणि काम नसेल तेव्हा काढून ठेवतात, नाहीतर ते पाझरून पितळ खातात. मी विचारले, "दादा, एवढा सरंजाम?"

ते म्हणाले, "एक न सांगता गेली तर दुसरी वाट दाखवेल. दुसरीही गेली तर जिथे आहे तिथे उभा राहून पोराला हाक मारीन. अंधारात पाऊल उचलायचे नाही, एवढे शिकलोय."

मी त्यांच्याबरोबर बांधावर गेलो. उजेड मंद होता, पण पायाखालचे ढेकूळ न् ढेकूळ दिसत होते. मोटरचा आवाज, पाण्याचा वास, आणि पुढे चालणाऱ्या त्या माणसाच्या घोट्यावरचा तो काळा डाग मला बुटाच्या आतही दिसत होता.

सौर कृषी वाहिनी योजनेने काही गावांना शेतीची लाइट दिवसा मिळू लागली आहे. सौर पंपही बसत आहेत. खरा उपाय तोच. माणसाने रात्री झोपावे आणि पिकाने दिवसा पाणी प्यावे. तो दिवस तुमच्या शिवारात येईल तेव्हा येवो, तोवर रात्रीची पाळी करणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे आहे की, बॅटरी किती लांब जाते हे विचारू नका, ती किती वेळ टिकते आणि कशी जाते हे विचारा. आणि कोणाला भेट द्यायची असेल, तर आधी आपल्या घरी तिची उगवण पाहा, मगच द्या.